सांगावा वेळेवर पोचला तर



जानेवारीत आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन झाले. संमेलन म्हटले की वादविवाद स्पर्धा आलीच, आणि भाषेचे शिक्षक म्हणून मुलांची भाषणे बसवून घेण्याचे काम दरवर्षी आमच्याकडे येते. यंदाचा विषय होता, 'अणुऊर्जा : शाप की वरदान'. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारे. अणू-रेणू हा आमचा प्रांत नव्हे. उच्चार, हातवारे आणि वेळेचे बंधन एवढे पाहिले की आमचे काम संपले, असे आम्ही धरून चाललो होतो.

नववीतल्या एका मुलीच्या वाट्याला 'शाप' ही बाजू आली होती. एके दिवशी मधल्या सुट्टीत ती वही घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "सर, चेर्नोबिलमध्ये माणसं किती मेली? एका ठिकाणी एकतीस लिहिलंय, एका ठिकाणी चार हजार, आणि एका ठिकाणी नव्वद हजारांच्या वर. भाषणात कोणता आकडा सांगू?"

आम्ही म्हणालो, "मोठा सांग, टाळ्या पडतील." बोलून गेलो आणि स्वतःचीच लाज वाटली. रोज वर्गात खरे बोलायला शिकवायचे आणि स्पर्धेसाठी सोयीचा आकडा उचलायला सांगायचे, हे बरे नव्हे. मग आम्ही तिला दोन दिवस थांबायला सांगितले, विज्ञानाच्या सहकाऱ्यांना गाठले, वाचले, विचारले. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यासमोर ठेवतो.

आधी आकड्यांचेच पाहू. चेर्नोबिलचे वीज केंद्र आजच्या युक्रेनमध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत संघात. २६ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या चौथ्या अणुभट्टीवर एक चाचणी चालू होती. भट्टीच्या रचनेतच दोष होता, त्यात चाचणीसाठी काही सुरक्षा यंत्रणा बंद ठेवलेल्या. भट्टीची शक्ती एकाएकी भडकली, स्फोट झाला, छप्पर उडाले आणि आतली आग सुमारे दहा दिवस धुमसत राहिली. स्फोटात दोन कामगार गेले. आग विझवणारे आणि केंद्रावरचे कर्मचारी यांच्यापैकी अठ्ठावीस जण किरणोत्सर्गाच्या माऱ्याने पुढच्या काही महिन्यांत मरण पावले. तीस-एकतीस हा आकडा या लोकांचा. चार हजार हा २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी मांडलेला अंदाज. सर्वाधिक किरणे झेललेल्या सुमारे सहा लाख लोकांपैकी पुढच्या काळात कर्करोगाने किती दगावतील, याचा. आणि ९३ हजार हा 'ग्रीनपीस' या पर्यावरणवादी संघटनेचा अंदाज, त्याहून कितीतरी मोठी लोकसंख्या धरून केलेला. म्हणजे प्रत्येक आकडा वेगळ्याच गोष्टीची मोजणी करतो. पहिला डोळ्यांसमोर गेलेल्यांचा, बाकीचे दोन हिशेबाने काढलेले. कर्करोगाच्या गाठीवर ती कशामुळे झाली हे लिहिलेले नसते, म्हणून हा वाद मिटत नाही.

आम्ही हे सगळे त्या मुलीला समजावून सांगितले. तिने नीट ऐकले आणि विचारले, "पण सर, जे मेले नाहीत, आजारीच राहिले, त्यांचा आकडा कुठे असतो?"

हा प्रश्न तिला का पडला, हे आम्हाला पुढे कळले. तेव्हा आम्ही एवढेच म्हणालो की चल, शोधू.

शोधताना सर्वांत जास्त बोचली ती दुधाची गोष्ट. अणुभट्टी फुटली की बाहेर पडणाऱ्या द्रव्यांत किरणोत्सारी आयोडीन असते. ते वाऱ्याबरोबर जाऊन गवतावर पडते. गवत गाय खाते, गाईचे दूध मूल पिते. आपल्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागते आणि चांगले आयोडीन कोणते, विषारी कोणते, हे तिला ओळखता येत नाही. वाढत्या वयाच्या मुलांची ग्रंथी तर ते अधिकच ओढून घेते. चेर्नोबिलच्या आसपासच्या प्रदेशात तेव्हा लहान असलेल्यांमध्ये थायरॉइड कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण २००५ पर्यंत सापडले. त्यांतले बहुतेक उपचाराने वाचले, हे अल्लाहचे शुक्र. पण गळ्यावरची शस्त्रक्रिया आणि जन्मभराच्या गोळ्या त्यांच्या नशिबी आल्याच.

आता खरी गोम पाहा. या आयोडीनचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो. आठ दिवसांत निम्मा, सोळा दिवसांत पाव, महिना-दोन महिन्यांत जवळपास संपतो. म्हणजे गावोगाव एवढाच सांगावा वेळेवर पोचला असता की "काही आठवडे मुलांना गाईचे ताजे दूध देऊ नका", तर यांतली कितीतरी मुले वाचली असती. त्यासाठी कोणते मोठे यंत्र लागणार नव्हते. एक दवंडी पुरली असती.

ती दवंडी पिटली गेली नाही. केंद्राला लागून असलेल्या प्रिप्यात शहरात जवळपास पन्नास हजार लोक राहत. स्फोट झाला त्या दिवशी, शनिवारी, तिथली मुले नेहमीप्रमाणे शाळेत गेली. शिक्षक म्हणून हे वाचताना आमच्या पोटात कालवले. शहर रिकामे करायला सुरुवात झाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, सुमारे छत्तीस तासांनी. बसगाड्या आणल्या आणि लोकांना सांगितले, तीन दिवसांपुरते सामान घ्या. ते लोक पुन्हा कधीच राहायला परतले नाहीत. जगाला अपघात कळला तोही दोन दिवसांनी, स्वीडनमधल्या एका अणुकेंद्रावरचे किरणमापक वाजू लागले तेव्हा. आणि सुमारे शंभर किलोमीटरवरच्या कीव्ह शहरात १ मे रोजी कामगार दिनाची मिरवणूक मुलाबाळांसह निघालीच.

शेजारच्या पोलंडने काय केले तेही सांगितले पाहिजे. आपल्याकडच्या हवेतली किरणे वाढलेली दिसताच तिथल्या सरकारने २९ एप्रिलपासून मुलांना आयोडीनचे द्रावण पाजायला सुरुवात केली. थायरॉइड चांगल्या आयोडीनने आधीच भरली की विषारी आयोडीनला आत जागा उरत नाही. काही दिवसांतच एक कोटीहून अधिक मुलांना ते औषध दिले गेले. ढग दोन्हीकडे होता. एकीकडे लोकांना उशिरा कळले, दुसरीकडे लवकर.

कुणी म्हणेल, तो सोव्हिएत काळ होता, तिथे सगळेच झाकून ठेवत. तर मग जपान घ्या. ११ मार्च २०११ रोजी तिथे प्रचंड भूकंप झाला आणि त्सुनामी आली. भूकंप व त्सुनामीत अठरा हजारांहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. फुकुशिमा दाइची या केंद्राच्या चालू भट्ट्या भूकंप होताच आपोआप बंद पडल्या, म्हणजे यंत्रणेने पहिले काम चोख केले. पण अणुभट्टी बंद केली म्हणून लगेच थंड होत नाही. चुलीतली लाकडे ओढून घेतली तरी निखारे धगधगत राहतात, तसे तिचे इंधन कित्येक दिवस तापत राहते. त्यावर सतत पाणी फिरवावे लागते, पाण्याला पंप लागतो आणि पंपाला वीज. बाहेरची वीज भूकंपाने गेली आणि केंद्रातले जनरेटर त्सुनामीच्या पाण्यात बुडाले. तीन भट्ट्यांचे इंधन वितळले, हायड्रोजन साचून स्फोट झाले आणि दीड लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले.

वारा कोणत्या दिशेने किरणे वाहून नेईल, याचा अंदाज सांगणारी संगणक यंत्रणा जपानकडे होती. तिची माहिती वेळेवर लोकांपर्यंत गेलीच नाही. नामिए गावचे हजारो लोक जीव वाचवण्यासाठी वायव्येकडच्या त्सुशिमा या भागात जाऊन राहिले. नेमका त्याच दिशेला किरणोत्सारी ढग गेला. मोठी माणसे सुरक्षित जागी आलो म्हणून निर्धास्त, आणि मुले बाहेर खेळत होती.

भाषेच्या शिक्षकाला आणखी एक गोष्ट खटकते. इंधन वितळण्याला 'मेल्टडाउन' म्हणतात. वीज कंपनीने हा शब्द जवळपास दोन महिने टाळला. 'इंधनाची हानी' झाली असे ती म्हणत राहिली. २०१६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी कबूल केले की तो शब्द वापरू नका, अशी सूचना तेव्हाच्या प्रमुखांनी दिली होती, आणि त्याबद्दल माफी मागितली. आम्ही वर्गात समानार्थी शब्द शिकवतो. सत्य झाकण्यासाठीही समानार्थी शब्द कामी येतात, हे मुलांना शिकवायचे राहून जाते.

इथे दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. फुकुशिमात थेट किरणांमुळे झालेला मृत्यू म्हणून सरकारने मान्य केला तो एका कामगाराचा. मात्र घाईघाईचे स्थलांतर, दवाखान्यातून हलवलेले वृद्ध रुग्ण, छावणीतले हाल, तुटलेले औषधपाणी आणि मनाने खचणे, यांमुळे त्या एका प्रांतात तेवीसशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले. म्हणजे न सांगणे जसे घातक, तसे तयारी नसताना घाबरवून पळवणेही घातक. सांगणे म्हणजे नुसती आरोळी नव्हे. कुठे जायचे, म्हाताऱ्यांना कोण उचलणार, औषध कुठे मिळणार, हे आधीच ठरलेले असणे म्हणजे सांगणे.

आपल्या देशात असा अपघात झालेला नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण जवळून गेलेला आहे. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनचे पाते तुटले, आग लागली आणि केंद्राची वीज सुमारे सतरा तास गेली. अंधारात, हातात टॉर्च घेऊन, कर्मचाऱ्यांनी वर चढून हाताने झडपा उघडल्या आणि भट्टी पुन्हा पेटणार नाही अशी व्यवस्था केली. किरणे बाहेर पडली नाहीत. आपल्या महाराष्ट्रात तारापूरचे केंद्र १९६९ पासून चालू आहे. देशातले ते पहिले अणुवीज केंद्र. तिथे मोठा अपघात झाला नाही, हेही नोंदवायला हवे.

आणि मग येते जैतापूर. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यातल्या माडबन परिसरात ९९०० मेगावॅटचा प्रकल्प आखला गेला. त्याच्या जवळच साखरी नाटे हे मच्छीमारांचे गाव. तिथली वस्ती बहुतांश मुस्लिम. भट्टीचे गरम पाणी समुद्रात सोडले तर मासळी राहील का, बोटींना बंदी होईल का, हा त्यांचा पोटाचा प्रश्न. प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल तयार केला नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने. मे २०१० मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हा गावकऱ्यांची तक्रार हीच होती की मराठीतला अहवाल आम्हाला वाचायला पुरेसा आधी मिळाला नाही. फुकुशिमाचा अपघात झाला आणि विरोध आणखी पेटला. १८ एप्रिल २०११ रोजी नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार मरण पावला. अणुभट्टीची वीटही चढली नव्हती आणि एका घरात मय्यत झाली होती. प्रकल्पवाले म्हणत होते, जागा समुद्रापासून पुरेशी उंच आहे, तंत्र सुरक्षित आहे. त्यांचे म्हणणे बरोबर असेलही. पण ज्याच्या दारात भट्टी येणार, त्याला त्याच्या भाषेत, त्याला समजेल असे, वेळेआधी सांगणे हा त्याचा हक आहे. ते समजून तो 'हो' म्हणेल किंवा 'नाही'. तो पुढचा प्रश्न.

आपण यवतमाळकर म्हणू, आमच्याकडे ना समुद्र, ना अणुभट्टी. आपली वीज कोळशाची. पण वणीच्या खाणींची धूळ आणि शेजारच्या चंद्रपूरचा धूर ज्यांनी छातीत घेतला आहे, त्यांना विचारा. कोळसाही फुकट जाळता येत नाही. अणुवीज धूर सोडत नाही, हा 'वरदान' बाजूचा मुद्दा खोटा नाही. आम्ही तो त्या बाजूच्या मुलाकडून तसाच जोरात बसवून घेतला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. स्पर्धेच्या आधी तिच्या घरी निरोप द्यायला आम्ही एका संध्याकाळी मगरिबनंतर गेलो. तिचे अब्बू ओसरीवर बसले होते. दुसऱ्याच्या शेतात मजुरी आणि फवारणी करणारा माणूस. आता फवारणी सुटली. २०१७ चा तो हंगाम आपल्या जिल्ह्यात कुणी विसरले नसेल. कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली, फवारा तोंडावर येत होता. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. हे त्या शेकड्यांतले एक. नजर अजून अंधूक आहे, हात थरथरतो.

ते म्हणाले, "सर, डब्यावर लाल खूण होती, ते दिसलं होतं. पण लाल म्हंजे दवाई जालीम, किडे लवकर मरतीन, असं वाटलं. मानसालेही मारते, हे कोनी सांगतलं नाही. दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, पंपात काय काय टाकलं होतं? मले नावंच सांगता येईना."

मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. आजारी राहिलेल्यांचा आकडा कुठे असतो, हा प्रश्न तिने या घरातून उचलून शाळेत आणला होता.

कीटकनाशक आणि अणुभट्टी एक नव्हे, हे आम्हालाही कळते.  अणुभट्टीतल्या काही द्रव्यांचा जोर निम्मा व्हायला तीस वर्षे लागतात. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. धोका नुसता पाहून कळत नाही, म्हणून तो ज्याला ठाऊक आहे त्याने सांगितलाच पाहिजे. ठाऊक असलेली गोष्ट ही त्याच्याकडे ठेवलेली अमानत असते. ती दाबून ठेवली तर खयानत होते, मग तो दुकानदार असो, कंपनी असो की सरकार. आणि सांगितल्यावरही ऐकले, समजले का, हे पाहणे त्याच कामाचा भाग आहे. इंग्रजीत बारीक अक्षरांत छापले आणि सुटलो, असे होत नाही.

तेव्हा अणुवीज हवी की नको, यावर आम्ही निकाल देत नाही. पण ज्या गावात असा प्रकल्प येईल, तिथल्या लोकांनी चार प्रश्न जरूर विचारावेत, असे वाटते. अहवाल आमच्या भाषेत, सुनावणीच्या पुरेसा आधी मिळेल का? अपघात झाल्यास पहिल्या तासाभरात आम्हाला कोण, कशाने कळवणार? आयोडीनच्या गोळ्या कुठे ठेवल्या आहेत आणि त्या कधी घ्यायच्या हे कोण सांगणार? आमच्यातल्या म्हाताऱ्यांना, बाळंतिणींना कोणत्या गाडीने कुठे नेणार? आपल्या देशात केंद्रापासून सोळा किलोमीटरपर्यंतच्या भागासाठी आपत्कालीन आराखडा करण्याची पद्धत आहे. फुकुशिमात इइताते हे गाव केंद्रापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर होते. तेही रिकामे करावे लागले, आणि तो निर्णय व्हायला एप्रिल उजाडला. म्हणून पाचवा प्रश्न : सोळा किलोमीटरच्या पलीकडच्यांचे काय?

आणि आपल्या घरचे काम आपल्या हाती आहेच. पेरणीला अजून अवकाश आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनी खूण असते : लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. हिरव्यालाही विषच समजावे. शाळेत जाणाऱ्या मुलाने वा मुलीने तो डबा घरात वाचून दाखवावा. फवारायला जाणाऱ्याने डब्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा, म्हणजे वेळ आलीच तर डॉक्टरला नाव दाखवता येईल. हंगामाच्या सुरुवातीला जुम्म्याच्या नमाजनंतर दोन मिनिटे, ग्रामसभेत पाच मिनिटे कुणी हे सांगितले तर कुणाचा वेळ फार जाणार नाही.

स्पर्धेचे सांगायचे राहिले. त्या मुलीने भाषणात तिन्ही आकडे सांगितले आणि कोणता कशाचा तेही सांगितले. त्यात तिची वेळ संपली, घंटा वाजली, शेवटचा मुद्दा राहून गेला. पहिले बक्षीस 'वरदान' बाजूच्या मुलाला मिळाले आणि ते त्याने कमावलेले होते. दुसऱ्या दिवशी ती राहिलेला मुद्दा कागदावर लिहून घेऊन आली. तिच्या परवानगीने तो इथे देतो : "माझे अब्बू कोणत्याही आकड्यात नाहीत. त्यांना आधी सांगितले असते तर ते आजारी पडलेच नसते."

पुढच्या महिन्यात भेटूच, इन्शाअल्लाह. तोवर आपल्या गावात फवारणीबद्दल कोण, काय सांगते, हे आम्हाला जरूर कळवा.